शेंदूर फासलेला बॉयलर

फाल्गुन लागला की माझं नाक माझ्या ताब्यात राहत नाही. बाकीचा देह अकोल्यात ओसरीवर बसून चहा पीत असतो, पेपर वाचल्याचं नाटक करत असतो. नाक मात्र केव्हाच अकोट ओलांडून अंजनगावच्या वाटेला लागलेलं असतं. तिकडे हळद निघालेली असते ना! परवा ओल्या हळदीची पोती भरलेला एक टेम्पो आमच्या गल्लीतून गेला आणि मी पायात चप्पल न घालता त्याच्यामागे धावत सुटलो, थेट नाक्यापर्यंत. सून म्हणते, "बाबा, चार पावलं चाललात फक्त." मोजणारे लोक घरात असले की माणसाला मोठेपणा मिळत नाही.

ओल्या हळदीचा वास वेगळा आणि शिजत्या हळदीचा वेगळा. पहिल्यात माती असते, थोडं आलं असतं, नखभर कापूर असतो. दुसऱ्या वासाचं वर्णन मला आजवर जमलेलं नाही. तो नाकाने घ्यायचा नसतोच, अंगाने घ्यायचा असतो. उन्हालाही पिवळा रंग चढलेला, वाफेच्या पलीकडे माणसं हलताहेत आणि ती माणसं आहेत की सावल्या हे कळत नाही, कपाळावरून ओघळणारा घाम जिभेला लागला तर तोही कडू. तरुणपणी एका फाल्गुनात माझ्या अंगाला हळदीचा असा काही रंग चढला होता की अकोल्याला परत आल्यावर मी कामाला होतो त्या कापसाच्या जिनातले लोक आठ दिवस मला नवरदेव म्हणून चिडवत होते. आणि मी म्हणतो, खोटं काय होतं त्यात? लग्नातही मी इतका घाबरलो नव्हतो आणि इतका खूशही झालो नव्हतो.

ज्यांनी हळद फक्त डब्यात पाहिली आहे त्यांच्यासाठी सांगतो. नऊ महिने ती जमिनीत असते. मग खणून काढायची, शिजवायची, वाळवायची, घासायची, तेव्हा कुठे हळकुंड होतं. यात शिजवणं सगळ्यात नाजूक. खणून काढलेली हळद आठ-दहा दिवसांत शिजली नाही तर ढिगातच कोंब धरते, नाहीतर सडायला लागते. हळद वाट पाहत नाही, हे माझ्या सासऱ्यांचं म्हणणं. माझे सासरे, म्हणजे आमच्याकडच्या रीतीने मामाजी, अंजनगाव सुर्जीच्या अलीकडे बागायती करायचे आणि हळद एका कढईत शिजवायचे. कढई केवढी? एकदा तिच्यात म्हैस शिरली होती, ती सापडायला दोन दिवस लागले. आता एवढ्या कढईत तळाची हळद लगदा व्हायची, वरची कच्ची राहायची आणि मधली तेवढी व्यापाऱ्याच्या पसंतीला उतरायची. व्यापारी हळकुंड मोडून आत बघायचा आणि तोंड असं करायचा की मामाजींना दोन घास कमी जायचे.

मी सांगतो आहे ते साल महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं तेव्हाचं. मी अकोल्याच्या एका जिनात फिटर होतो. कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं आणि त्यांना चालवणारा बॉयलर, हे सगळं माझ्या हाताखाली. मी बॉयलरशी बोलत असे, तो मला उत्तर देत असे. दिवाळीला सासुरवाडीला गेलो. पोटात चकल्या, अंगात नवा सदरा, समोर ऐकणारे चार लोक. अशा वेळी माझी जीभ माझं ऐकत नाही. मामाजी म्हणत होते, कढईला तळाशी चीर गेली आहे, लोहाराला बोलावून ठिगळ मारून घेतो.

"ठिगळ कायले मारता, मामाजी?" मी म्हणालो. "हयद वाफेवर शिजवू यंदा. मी बॉयलर करून आनतो."

वऱ्हाडात हळदीला हयद म्हणतात. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं ते हयद मोडून पाहणाऱ्या व्यापाऱ्यासारखं.

"बॉयलर? कुठी करान?"

"घरी."

"जवाईबुवा, तुमाले कोनी भांग तं नाई ना पाजली?"

मी हसून सोडून दिलं असतं. माझ्या अशा किती घोषणा हवेत विरल्या आहेत, त्यांची गणती नाही. पण दाराआड मामी उभ्या होत्या, माझ्या सासूबाई. जन्मात त्यांनी मामाजींच्या शब्दावर शब्द टाकला नव्हता. त्या पदर सावरत म्हणाल्या, "जवाई म्हनतात तं आनतील. त्या लोहाराले सांगून द्या, येऊ नको म्हना."

मामाजी बायकोकडे असे पाहत होते जणू गोठ्यातली गाय बोलली. मग ते म्हणाले, "बरं. तुह्या शब्दावर. हयद सडली तं थ्या ढिगावर तुले बसवीन." आणि लोहाराचं येणं खरंच रद्द झालं. माझ्या थापेवर एका बाईने आपला पहिलावहिला शब्द आणि वर्षाची सगळी हळद ठेवली होती. अकोल्याला परतताना गाडीत माझी बायको इंदू खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाली, "आता करा."

मग जे सुरू झालं, त्याला मी आमचा खरा संसार म्हणतो.

घरामागे आमचा पत्र्याचा शेड होता. त्यात रुळाच्या तुकड्याची ऐरण, हाताने फिरवायचा भाता आणि माझी हत्यारं. करीमचाचा नावाचे भंगारवाले माझे जुने दोस्त. बंद पडलेल्या तेलघाणीतली एक जाड पत्र्याची टाकी त्यांनी शोधून आणली. काठीने तिला ठोकून म्हणाले, "सुन मियाँ, कैसी बोलती है. ये लोहा नहीं, हाफिज है. जो सुनेगी, याद रखेगी." हाफिज म्हणजे कुराण तोंडपाठ असलेला. टाकी खरंच अशी वाजली की शेजारच्या घरातलं तान्हं पोर रडायचं थांबलं. त्या टाकीचा झाला बॉयलर. जिनाच्या मोडक्या माळ्याचे लोखंडी अँगल मिळाले, त्यांचा झाला सांगाडा. मध्ये आडवा बॉयलर, दोन्ही अंगांना हळद भरायचे दोन ड्रम, आणि ते ड्रम दोन कानांवर असे झुलवलेले की पाळण्यासारखे कलते करून शिजलेली हळद खाली ओतता यावी. बॉयलरमधून नळीने वाफ ड्रममध्ये जाईल, हळद पाण्यात बुडणार नाही, वाफेत न्हाईल. चित्र मी भिंतीवर कोळशाने काढलं होतं. इंदूने चुना देताना तेवढी भिंत कितीतरी वर्षं सोडून दिली.

दर संध्याकाळी जिनातून सुटलो की शेडमध्ये. माघाचा गार वारा आणि वाऱ्यात कापूस. त्या महिन्यांत अकोल्यात हवा नसतेच, रुई असते. पापण्यांवर बसते, चहावर तरंगते. पत्रे जोडायला भट्टीतून काढलेल्या लालबुंद रिव्हेटवर तिचा तंतू पडला की चट्कन पेटायचा, काजव्याएवढा. रिव्हेट भोकात घातला की बाहेरून मी हातोडा मारायचा आणि आतून कोणीतरी जड लोखंड दाबून धरायचं. ते कोणीतरी म्हणजे इंदू. ती कमरेला पदर खोचून टाकीत बसायची. मी एक घाव घातला की तिच्या कानात दहा घाव. आतून तिचा आवाज असा घुमत यायचा, जणू विहिरीतून कोणी सासू बोलते आहे.

"अवो, जरा पाहून मारा. मी हाओ अंदर."

"तू हायस म्हनून तं हलके मारून राहिलो."

"हलके? तुमचा हलका हात माह्या बापाच्या घरी ऐकू जात असन!"

मी लोकांना सांगतो की त्या बॉयलरला आठशे रिव्हेट होते. ऐंशी असतील. पण प्रत्येकावर एक भांडण झालं आणि एक हसू, म्हणून हिशेब मोठा वाटतो.

सांगाडा उभा राहिला त्या दिवशी मी त्याच्याभोवती मोरासारखा फिरलो. उंची माझ्या डोक्याच्याही वर हातभर, चारही पाय ओळंब्यात. इंदू आली, तिने ड्रमच्या दांडीला हात घालायचा प्रयत्न केला, टाचा उचलल्या, तरी हात पोचेना.

"हे कोनासाठी बनवलं?" तिने विचारलं.

"हयद शिजवाले."

"हयद शिजवते कोन? तुमी का माही माय? बायाईचा हात पोचला पाह्यजे. कंबरेएवढं करा."

हळदीच्या कामात ओतणं, उपसणं, पसरणं सगळं बायकांच्या अंगावर असतं, हे मला सहा वर्षं जावई असून दिसलं नव्हतं. मी आधी चिडलो, मग करवत काढली. चारही पाय कापले. आठवड्याचं काम वाया गेलं म्हणून कुरकुरलो, पण कापलेला सांगाडा उभा राहिला तेव्हा त्याला काहीतरी रूप आलं. आधी तो यंत्र दिसत होता, आता चूल दिसायला लागला.

आणि शेंदूर. वाफ मोठी चतुर असते, सुईच्या टोकाएवढी फट मिळाली तरी शीळ घालत बाहेर येते. म्हणून प्रत्येक सांध्यावर आम्ही फिटर लोक शेंदूर जवसाच्या तेलात कालवून सुताबरोबर फासतो. वाळला की दगड होतो. मी हात सैल सोडून फासला. दुसऱ्या दिवशी जिनातून आलो तर शेडच्या दारात शेजारची म्हातारी डोळे मिटून उभी. बॉयलरपुढे उदबत्ती, एक फूल, वाटीत साखर. गोल पोट, आखूड पाय, अंगभर ओला शेंदूर. तिचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. आमच्याकडे गावोगाव वेशीवर शेंदूर फासलेला मारुती असतोच, हा जरा जाडजूड निघाला इतकंच.

मी सांगायला हवं होतं की आजी, हे गळती बंद करायचं औषध आहे. सांगितलं नाही. आठवडाभरात रांग लागली. मी नारळ खात होतो.

महाशिवरात्रीच्या सुमाराला सासुरवाडीहून निरोप आला: हळद खणून झाली, ढीग लागला, आता काय ते करा. अकोल्याला कापूस घेऊन आलेल्या बैलगाड्या रिकाम्या परत जातात, त्यांतली एक धरली. गाडीवर सांगाडा, सांगाड्यावर बॉयलर, बॉयलरला टेकून मी आणि इंदू. वाटेत प्रत्येक गावात बायका हात जोडायच्या, पोरं मागे धावायची. एका ठिकाणी भजनी मंडळींनी गाडी थांबवून टाळ वाजवले आणि विचारलं, कोणत्या गावी स्थापना आहे? मी गंभीर चेहरा करून पत्ता सांगितला. दोन्ही बाजूंना गव्हाची शेतं पिवळी पडत होती, पळस फुटला होता, दूर मेळघाटाचे डोंगर निळे दिसत होते. आजही डोळे मिटले की त्या गाडीचा हादरा पाठीला लागतो. आयुष्यात पुढे मोटारीतून फिरलो, एकदा तर विमानातूनही, पण तेवढ्या ऐटीत पुन्हा कुठे पोचलो नाही.

पोचल्यावर मात्र ऐट उतरली. हळदीचा ढीग खळ्यावर होता. मी हात घातला तर आतून ऊब लागली. इंदूने एक कंद उचलून माझ्यासमोर धरला. त्याच्या टोकाला पांढरा कोंब डोकावत होता. मामाजी दूर बाजेवर, आमच्याकडे पाठ करून बसले होते. मामींनी माझ्याकडे असं पाहिलं की मला अकोल्याच्या दिशेने पळून जावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सांगाडा बसवला, विहिरीचं पाणी भरलं, ड्रममध्ये पहिली हळद ओतली. बॉयलरच्या डोक्यावर एक भोक असतं, त्यावर झाकण, झाकणावर आडवी दांडी आणि दांडीला वजन. वाफ वाजवीपेक्षा जास्त झाली की झाकण वजनासकट उचललं जातं, जास्तीची वाफ पळून जाते, बॉयलर फुटत नाही. वजन कुठे टांगायचं ते मी कानशीने खाच पाडून ठरवलं होतं. दाब दाखवणारा काटा करीमचाचांनी दिला होता खरा, पण तो कायम बाराच दाखवायचा. माझा सगळा भरवसा त्या दांडीवर.

मी न्याहारीला गेलो तेवढ्यात बायकांनी पूजा उरकली. आलो तर बॉयलर झेंडूच्या माळांत बुडालेला. बरं दिसत होतं. चुलीत पऱ्हाट्या सारल्या, कापसाच्या वाळल्या काड्या त्या, फटाफटा पेटतात. गाव जमलं. पाणी गुणगुणायला लागलं, मग बोलायला लागलं, मग आत कोणी रागावल्यासारखं कुरबुरायला लागलं. आता झाकण उचलेल, मी मनात म्हटलं. उचललं नाही. आता उचलेल. नाही. शेंदराच्या सांध्यांतून बारीक बारीक शिट्ट्या सुरू झाल्या. सांगाडा थरथरायला लागला. मी बॉयलरशी बोललो आणि पहिल्यांदाच त्याने मला उत्तर दिलं नाही.

"काय होऊन राहिलं?" इंदूने विचारलं.

"वाफ कोंडली. झाकन उचलून नाई राहिलं."

तेवढ्यात थरथरत्या माळांतून आवाज आला: टण. टण. टण.

मामी हात जोडून पुढे आल्या. चेहरा आनंदाने फुललेला. "पाहा, देव बोलून राहिला! मीच बांधली घंटा. म्हटलं, देव म्हटला का घंटा पाह्यजे, जवाईले यश येईन."

झेंडूच्या माळांखाली, दांडीच्या अगदी टोकाला, बैलाच्या गळ्यातली जुनी पितळी घंटा टांगलेली होती, चिंचेने घासून लख्ख केलेली. दांडीच्या टोकाला पावशेर म्हणजे झाकणावर पाच शेर, हे मी बॉयलरच्या कारागिराला समजावून सांगितलं असतं. सासूला कसं सांगणार? आणि पाय मी कापले नसते तर मामींचा हात तिथवर पोचलाही नसता. हे सगळं मला एका क्षणात सुचलं. पुढच्या क्षणी मी ओरडलो, "पळा!"

यापुढचं मी गेली साठ वर्षं असं सांगत आलो आहे की मी छाती काढून बॉयलरवर चालून गेलो. आता इंदू नाही, मला खोटं पाडणारं कोणी उरलं नाही, त्यामुळे खरं सांगायला हरकत नाही. मी कडुलिंबाच्या झाडामागे होतो. इंदू पळालीच नाही. प्रत्येक रिव्हेट तिने आतून धरला होता. कोण किती सोसेल हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तिने आधी चुलीतल्या पऱ्हाट्या भराभरा बाहेर ओढल्या, मग बोरं झोडायचा लांब बांबू उचलला, बाजूला उभी राहून तो माळांत घातला आणि घंटेची दोरी दांडीवरून अलगद सरकवली.

झाकण उडालं. वाफेचा पांढरा खांब आभाळात गेला. तो आवाज मेळघाटातल्या सेमाडोहला ऐकू गेला आणि तिथले वाघ त्या संध्याकाळी शेजारच्या राज्यात राहायला गेले. बैलांनी दावी तोडली. झेंडूची फुलं लिंबाच्या शेंड्यावर जाऊन बसली. मामी मटकन खाली बसल्या, मामाजी बाजेवरून उभे राहिले, आणि हळूहळू आवाज उतरून एक सारखा, समाधानी सुस्कारा उरला. इंदूने घामाने भिजलेला चेहरा पुसला आणि झाडाकडे वळून म्हणाली, "या आता. वाफ सोडा ड्रममंदी."

ड्रमकडे जाणाऱ्या नळीचा बंद नळ मी फिरवला. ड्रमच्या फटींतून वाफ यायला लागली, आधी पांढरी, मग तिला वास आला, तो, ज्याचं वर्णन मला जमत नाही. मी इंदूकडे पाहिलं. तिने डोळे मिटले होते.

अर्ध्या-पाऊण तासात ड्रम कलता केला. पिवळाजर्द ढीग, त्यातून निघणारी वाफ, गाव भोवती गोळा झालेलं. मामाजी चालत आले. खराट्याची एक काडी मोडून घेतली. हळद शिजली की नाही हे काडी सांगते: आरपार गेली तर शिजली, अडली तर कच्ची. त्यांनी ढिगाच्या वरचा कंद घेतला. काडी आरपार. कोपरापर्यंत हात घालून मधला घेतला. आरपार. मग गुडघ्यावर बसून सगळ्यात खालचा, ज्याचा आजवर लगदाच व्हायचा, तो काढला. काडी गेली, आणि कंद अख्खा राहिला. मोडला तर आतून केशरी, एकसारखा. त्यांनी तो मामींच्या हातात दिला.

"घे," ते म्हणाले. "तुह्या शब्दाची हाय."

मामींनी तो कंद पदरात बांधला. मामाजी माझ्याकडे वळले नाहीत. चुलीपुढे उकिडवे बसले आणि म्हणाले, "सरका, जवाईबुवा. जाळ कमी पडून राहिला."

पाच दिवस तो बॉयलर थांबला नाही. खळं पिवळं झालं, आमचे हात पिवळे झाले, गावातली कुत्रीसुद्धा पिवळी फिरत होती. बायका कमरेएवढ्या उंचीवर ड्रम कलते करत गाणी म्हणत होत्या. तिसऱ्या दिवसापासून आसपासच्या गावांतले बागाईतदार पाहायला यायला लागले. मी गळा साफ करून पुढे झालो, पण मामाजी माझ्या आधी सुरू झाले होते.

"दिवाळीतच मी जवाईले म्हटलं," ते चुलीजवळून सांगत होते, "कढई बंद. वाफ आना. हे म्हने, जमन का मामाजी? म्हटलं, जमवा! मंग अकोल्याहून हे धूड आनलं, बारा बैल लागले गाडीले."

बैल दोन होते. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला शंका आली. त्याने मला बाजूला ओढून विचारलं, "काहो फिटर, खरंच बारा बैल?"

मामाजींनी हातातली पऱ्हाटी तशीच धरली. सहा वर्षांत पहिल्यांदा ते माझ्या तोंडाकडे पाहत होते, मी काय बोलतो म्हणून.

"बारा तं समोर होते," मी म्हणालो. "मागून ढकलाले मेळघाटातून हत्ती आनला होता. थो सांगाचा राहिला मामाजींचा."

"हाव नं, बापा," मामाजी मान डोलावत म्हणाले, आणि पऱ्हाटी चुलीत सारली. "हत्ती तं राहूनच गेला."